काळ्या रानातला लोखंडी नांगर

नववीच्या वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना मी पिट्सबर्गच्या अँड्र्यू कार्नेगीची हकीकत सांगतो, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, मग तो माणूस चांगला की वाईट?"

प्रश्न सोपा नाही. १८३५ साली स्कॉटलंडमधल्या एका विणकराच्या घरात जन्मलेला हा मुलगा पोटासाठी अमेरिकेत गेला आणि पोलादाचा राजा झाला. १९०१ मध्ये त्याने आपला कारखाना विकला तो सुमारे ४८ कोटी डॉलरना. जादा संपत्ती ही धन्याकडे समाजाने ठेवलेली ठेव आहे, असे त्याने १८८९ मध्येच लिहून ठेवले होते, आणि तसे तो वागलाही. जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये त्याच्या पैशातून उभी राहिली. पिट्सबर्गचे भव्य ग्रंथालय १८९५ चे. पण त्याच शहराला लागून असलेल्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ मध्ये मजुरीवरून तंटा झाला, दारे बंद करून कामगारांना बाहेर ठेवण्यात आले, बंदुकधारी पहारेकरी आणले गेले आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. कारभार फ्रिक पाहत होता. सहा वर्षांनी होमस्टेडच्या लोकांसाठी सुंदर ग्रंथालय झाले. बारा-बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस तिथे केव्हा जाणार, असे तेव्हाही लोक विचारत होते.

असा कोणी आपल्याकडे झाला का? टाटांचे नाव सर्वांच्या ओठांवर येते, आणि त्यांचा पिट्सबर्गशी थेट संबंधही आहे. १९०२ मध्ये जमशेटजी तिथे गेले आणि पोलाद कारखान्याच्या आराखड्यासाठी ज्युलियन केनेडी या तिथल्या अभियंत्याला भेटले. पण मला टाटांपेक्षा जवळचा माणूस आठवतो. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. हे घराणे मूळ कोकणातल्या किर्लोसीचे, म्हणून किर्लोस्कर. राहायला कानडी मुलखात. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीचे गाणे आणि मराठी कारखानदारीचा घण, दोन्ही एकाच कानडी खेड्यातून निघाले, हे आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या घरांनी तरी विसरू नये.

लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. इकडे बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा सायकली विकत. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला वर घेतलेले पाहून लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठले. (शिक्षकाची नोकरी सोडून कोणी मोठा झाला म्हणजे आम्हा मास्तरांना उगीचच बरे वाटते.) कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर.

या नांगराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. नौबादच्या आसपास आमची जमीन लाल, मुरमाड. पण भालकी-औरादकडे उतरले की काळे रान लागते. काळ्या रानाचे दुखणे म्हणजे हरळी आणि कुंदा. त्यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर वरची माती उकरतो, मूळ तसेच राहते आणि पुढल्या पावसात पुन्हा रान धरते. लोखंडी नांगर चार-सहा बैल जुंपून खोल घातला की ढेकूळच्या ढेकूळ उलथे होते, मुळे उन्हात वाळून मरतात. एवढा साधा फायदा. पण शेतकऱ्याने आधी तो मानला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता. पहिले नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. आज यंत्र विकायचे तर दिवसभर जाहिराती चालतात. लक्ष्मणरावांना मात्र माणसाच्या मनातली भीती काढायची होती, आणि ते काम नांगराची ओतीव तयार करण्याहून अवघड होते.

धंदा जरा रांगेला लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली, बिनव्याजी कर्जही दिले. माळ असा की निवडुंग आणि साप यांचेच राज्य. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहतीचा पाया पडला. पंचवीसेक कामगार आपली बायकामुले घेऊन आले. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. पुढे स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांना त्यांनी कामावर घेतले आणि रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. १९१० चे दशक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या दोन गोष्टींचे वजन कळेल.

पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. इतिहास शिकवणाऱ्याला जुनी तोफ वितळल्याचे थोडे वाईट वाटते. पण ज्वारीच्या रानाला तोफेचा उपयोग काय होता?

लक्ष्मणरावांनी कार्नेगीसारखे दान केले नाही, ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तेवढा पैसाही त्यांच्याकडे नव्हता. कार्नेगीने आधी मिळवले आणि मग वाटले. इथे मिळवण्याच्या रीतीतच समाजाचा वाटा धरलेला होता. मला ही रीत अधिक मोलाची वाटते. तरी मालकाच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाचे घर, शेजार आणि नोकरी ही सगळी एकाच दोरीला बांधलेली असतात, हेही नजरेआड करू नये. चांगला मालक हा कामगाराचा हक्क नसतो, ते त्याचे नशीब असते.

आणि वाडीचेही नशीब एकदा फिरले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या मुलखाला नांगर दिला, त्याच मुलखातला जमाव जात पाहून चालून आला. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्याकडे पोलीस ॲक्शन झाली. त्याच्या आगेमागे इकडच्या गावांनीही शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग पाहिली आहे, एका धर्माच्या नव्हे, दोन्ही धर्मांच्या. म्हणून हा प्रसंग सांगताना आमच्या भागातला माणूस सहसा आवाज चढवत नाही.

नांगराहून आमच्या घरांत जास्त खोल शिरले ते वाडीचे मासिक. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्र बघता बघता साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर'. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही उर्दू, बाजारात कानडी. मराठी उरली होती देवघरात आणि स्वयंपाकघरात. अशा घरात पोस्टाने येणारा अंक म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. आमच्या आजीच्या ट्रंकेत लुगड्यांखाली 'स्त्री'चे अंक होते. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई त्या अंकांवरच वाचायला शिकली आणि पुढे आळीतल्या चारजणींना वाचून दाखवू लागली. कार्नेगीच्या ग्रंथालयाला घुमट होता, आमच्या ग्रंथालयाला पत्र्याचे झाकण होते. अंक विकत घ्यावे लागत, त्यांत जाहिरातीही असत. ती काही खैरात नव्हती. पण वाचणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

दोन राज्यांनी या माणसाला वाटून घ्यावे म्हटले तर वाटणी होत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांत झाले आणि बिदर म्हैसूर राज्यात आले. त्याच्या पाचच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, लक्ष्मणराव वारले. जन्मगाव कर्नाटकात, वाडी महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यात. तुंगभद्रेकाठी हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर निघाली, बंगळूरला १९४६ मध्ये विजेच्या मोटारींचा कारखाना. वाडीत आजही पंप होतात. हरिहरचा कारखाना मात्र शतक बदलता बदलता बंद पडला. कन्नड आणि मराठी, दोन्ही बोलणारी कामगारांची घरे एकाच वेळी रिकाम्या हातांनी बसली, आणि त्यांच्यातल्या कितीकांची मुले पुढे पोटासाठी पुण्याला नाहीतर बंगळूरला गेली.