चार बाइटांचा रकाना

संगणक वापरणाऱ्या पुष्कळांना केव्हा ना केव्हा एक कोडे पडते. सोळा गिगाबाइटांचा कोरा पेन ड्राइव्ह हाताशी असतो आणि त्यावर पाच गिगाबाइटांची एक फाइल उतरवायची असते. जागा तिपटीने आहे. तरीही यंत्र नकार देते आणि फाइल फार मोठी असल्याचे सांगते. तीच फाइल दोन तुकडे करून पुढे केली, तर मात्र ती निमूटपणे स्वीकारली जाते. कोठारात जागा भरपूर आहे, परंतु कोठावळ्याच्या वहीत एका पोत्यापुढे ठरावीक आकड्याहून मोठे वजन लिहिण्याची सोयच नाही, असा हा प्रकार आहे. वहीतला तो रकाना कोणी आखला, त्या वेळी तो पुरेसा का वाटला, आणि अपुरा ठरल्यावरही तो रुंद का झाला नाही, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

डिस्क ही मुळात मुकी वस्तू. समान आकाराच्या कप्प्यांची, म्हणजे सेक्टरांची, ती एक लांबलचक रांग असते. कोणत्या कप्प्यात कोणता मजकूर आहे, याचा हिशेब डिस्कवरच लिहिलेल्या एका नोंदवहीत असतो. आणि ती वही लिहिण्यावाचण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याकडे असते. कारभारी बदलला की वहीचा नमुनाही बदलतो. एकाची वही दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. किंबहुना, आपल्याला न वाचता येणारी वही निरुपयोगी समजून ती पुसून नव्याने आखावी काय, असेही हा कारभारी मालकाला विचारतो. अनवधानाने दिलेल्या अशा एका होकाराने वर्षानुवर्षे जपलेला ऐवज हातचा जाऊ शकतो. तेव्हा प्रश्न केवळ सोयीचा नाही.

१९७७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीतील मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपी डिस्कसाठी अशा एका नोंदवहीचा नमुना बेतला. सेक्टरांचे लहान लहान गट पाडायचे आणि फाइलीचा एक गट संपला की पुढचा कोणता, हे एका तक्त्यात लिहून ठेवायचे, ही तिची साधी रीत. त्या तक्त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा नमुना ‘फॅट’ या नावाने ओळखला गेला. १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हीच कल्पना घेतली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती सिस्टिम विकत घेतली, आणि १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर ती डॉस म्हणून लोकांपुढे आली.

या वहीत प्रत्येक फाइलीची नोंद ३२ बाइटांची असे. नावाला आठ अक्षरे, त्यापुढील प्रत्ययाला तीन, तारखेला दोन बाइट आणि फाइलीच्या आकाराला चार बाइट. चार बाइटांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. आयबीएमच्या त्या संगणकाची फ्लॉपी होती १६० किलोबाइटांची, म्हणजे १ लाख ६३ हजार ८४० बाइटांची. सबंध डिस्कच्या सव्वीस हजार पट मोठी फाइल लिहिता यावी, एवढा तो रकाना ऐसपैस होता. आज ज्याच्या कोतेपणाकडे बोट दाखवले जाते तो रकाना त्या वहीतील सर्वांत उदार रकान्यांपैकी होता, हे विसरून चालणार नाही.

१९८३च्या मार्चमध्ये आयबीएमने १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला एक्सटी हा संगणक आणला. डॉसचे राज्य तेव्हा निर्विवाद नव्हते. सीपी/एम-८६ होती, युनिक्सच्या घराण्यातील सिस्टिमही होत्या. एवढी महाग डिस्क एकाच कारभाऱ्याच्या ताब्यात जाऊ नये, म्हणून तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये ६४ बाइटांचे एक वाटणीपत्र ठेवण्यात आले. त्यात चार विभागांच्या चार नोंदी. प्रत्येकीत विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे आणि तो कोणत्या प्रकारच्या सिस्टिमचा, हे लिहिलेले. यालाच पार्टिशन म्हणतात. म्हणजे डिस्कचे विभाग पाडण्याच्या प्रथेमागे निरनिराळ्या सिस्टिमांना एका छपराखाली नांदता यावे, हा हेतू आरंभापासून होता. वाटणीपत्राने बांध ठरला. परंतु येण्याजाण्याची वाट ठरली नाही. शेजारी राहणे ही एक गोष्ट आणि शेजाऱ्याचे दप्तर वाचता येणे ही दुसरी.

यानंतर डिस्क वाढत गेल्या आणि फॅटच्या वहीतील अरुंद रकाने एकामागून एक भरले. सेक्टरांची एकूण संख्या लिहिण्यास दोनच बाइट होते. त्यामुळे ६५ हजारांच्या थोड्या पुढे मोजणी थांबे आणि एका विभागाला ३२ मेगाबाइटांची मर्यादा पडे. ४० मेगाबाइटांची डिस्क घेणाऱ्याला तिचे दोन भाग करणे भाग पडले. दोन कारभाऱ्यांसाठी निघालेली वाटणी एकाच कारभाऱ्याच्या अडचणीसाठी वापरावी लागली. १९८७ साली कॉम्पॅकच्या आणि १९८८ साली मायक्रोसॉफ्ट व आयबीएमच्या डॉसने तो रकाना चार बाइटांचा केला. मग गटांच्या क्रमांकाचा रकाना भरला आणि मर्यादा दोन गिगाबाइटांवर आली. १९९६च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आले आणि तोही रकाना रुंद झाला. तथापि अशा प्रत्येक रुंदीकरणाला किंमत पडली. फॅट३२ची डिस्क मूळच्या विंडोज ९५ला वाचता येत नव्हती. विंडोज एनटी ४लाही येत नव्हती.

या सर्व फेरफारांत एका रकान्याला कोणी हात लावला नाही. तो म्हणजे फाइलीच्या आकाराचा. लावण्याचे कारणही दिसत नव्हते. १९९६ साली घरगुती संगणकाची सबंध डिस्क बहुधा एकदोन गिगाबाइटांची असे. चार गिगाबाइटांची एक फाइल ही कल्पनेतील गोष्ट होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस जपानात डीव्हीडी विक्रीला आली. तिच्या एका थराची क्षमता ४७० कोटी बाइट. भरलेल्या डीव्हीडीची प्रतिकृती एका फाइलीत साठवायची म्हटली, तर ४२९ कोटींच्या रकान्यात ती बसणार नव्हती.

याच सुमारास युनिक्सच्या घराण्यातही अशीच अडचण उभी राहिली होती. तेथे फाइलीतील स्थान चार बाइटांतच मोजले जाई; पण त्यांतील एक बिट ऋण चिन्हासाठी राखलेला असल्यामुळे मर्यादा निम्मी, दोन गिगाबाइटांची होती. निरनिराळ्या युनिक्स उत्पादकांनी एकत्र बसून १९९६ साली मोठ्या फाइलींसाठी समाईक नियम ठरवले. लिनक्सने २००१च्या जानेवारीतील २.४ या आवृत्तीत ते सामान्य ३२ बिटांच्या संगणकांवर आणले. भाऊबंद एका ओसरीवर बसले की वाट निघते, ती अशी. फॅटच्या बाबतीत मात्र ओसरीच नव्हती.

कारण एव्हाना फॅट ही एकट्या डॉसची वही राहिली नव्हती. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा त्याने प्रथम मिनिक्सची वही उसनी घेतली. तिच्यात एका विभागाला ६४ मेगाबाइटांची आणि नावाला चौदा अक्षरांची मर्यादा होती. लवकरच त्याने आपली स्वतंत्र वही केली आणि फॅट वाचण्याची सोयही करून घेतली. मायक्रोसॉफ्टने स्वतः १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस हा कितीतरी भक्कम नमुना आणला. त्यात आकाराचा रकाना आठ बाइटांचा होता, पण त्याचा संपूर्ण तपशील बाहेर दिला नव्हता. अ‍ॅपलने १९९८ साली आपला एचएफएस प्लस आणला. प्रत्येकाचे घर सुधारले. पण एकाच्या घरात दुसऱ्याला सहज प्रवेश नव्हता. लिनक्स आणि विंडोज एकाच डिस्कवर ठेवणाऱ्याला दोहोंना वाचता-लिहिता येईल असा तिसरा विभाग हवा असे, आणि तो फॅट३२चाच करावा लागे. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्यांची कार्डेही तिकडेच वळली. लग्नसोहळ्याचे अखंड चित्रण कार्डावर चारचार गिगाबाइटांच्या तुकड्यांत पडू लागले, ते यामुळे.

फॅट सर्वांत उत्तम होते म्हणून ही मान्यता मिळाली नाही. फाइलीचा धनी कोण आणि ती कोणी उघडावी, याची नोंदच त्यात नाही. मध्येच वीज गेली तर वही सावरून घेण्याची तरतूद नाही. पण ते साधे होते आणि सर्वांना वाचता येत होते. रकाना रुंद न होण्याचे खरे कारणही येथेच आहे. चारांच्या जागी आठ बाइट आखणे हे कागदावर एका दिवसाचे काम. परंतु तसे करताच जगातील सर्व जुनी यंत्रे त्या वहीपुढे निरक्षर झाली असती, आणि जिच्यासाठी ही वही सर्वांना हवी होती ती समाईकताच संपली असती. समाईक विहिरीची डागडुजी करायला कोणी पुढे येत नाही, असे म्हणतात. येथे तर डागडुजी केली की विहीर समाईक राहणार नव्हती.

म्हणून नवी विहीर खणावी लागली. २००६ साली मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट आणले. त्यात आकाराला आठ बाइट होते. २००९च्या जानेवारीत ३२ गिगाबाइटांहून मोठ्या एसडी कार्डांसाठी तोच नमुना ठरला. पण या विहिरीवर मालकी हक्काचा फलक होता. वापरायची तर परवाना घ्यावा लागे. तो फलक केवळ शोभेचा नव्हता. २००९च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या कंपनीवर जो पेटंटचा दावा लावला, त्यात फॅटमध्ये लांब नावे लिहिण्याच्या रीतीवरील हक्कही होता; पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. लांब नावांची ही रीत विंडोज ९५ने आणलेली. तिच्यात नावे युनिकोडमध्ये लिहिली जातात, आणि फाइलीला देवनागरीत नाव देण्याची जागा त्या वहीत तिच्यामुळेच झाली. ज्या रीतीने जगातील लिप्यांना दार उघडले तिच्यावरच पहारा असावा, हा विरोधाभासच होता. २०१९च्या २८ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला करून लिनक्समधील समावेशास संमती दिली, आणि त्याच नोव्हेंबरात ते लिनक्समध्ये आले.

एनटीएफएसच्या बाबतीतही २००७पासून लिनक्सला भरवशाने लिहिता येऊ लागले. तरीही खबरदारी लागते. २०१२च्या विंडोज ८पासून संगणक बंद करताना लवकर सुरू होण्यासाठी काही हिशेब अर्धवट ठेवण्याची पद्धत आली. एकाने वही मिटलेली नसताना दुसऱ्याने तीत लिहिले तर नोंदी बिघडतात. समाईक जागा वापरणाऱ्याने आपले काम पुरते आवरून निघावे, हा जुना शिष्टाचार यंत्रांनाही चुकलेला नाही.

आज मोठ्या फाइलींसाठी एक्सफॅट सहज उपलब्ध आहे. पण फॅट इतिहासजमा झालेले नाही. आधुनिक संगणक सुरू होताना विंडोज असो वा लिनक्स, प्रथम जो लहानसा विभाग वाचला जातो तो फॅटचाच असतो. प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणणारा दुवा सर्वांत कमी मागणी करणारा असतो, आणि जो असा दुवा आखतो तो नकळत पुढच्या पिढ्यांची मोजमापेही ठरवून जातो. वह्यांचे नमुने ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. फॅटच्या त्याच नोंदीत तारखेचाही एक रकाना आहे. वर्षासाठी त्यात सात बिट आहेत, मोजणी १९८०पासून होते आणि ती २१०७च्या ३१ डिसेंबरला संपते. एक्सफॅटची नवी वही आखताना आकाराचा रकाना दुप्पट रुंद झाला. वर्षाचा मात्र सात बिटांचाच ठेवला गेला.