तिसरं, सातवं, नववं

क्रूस खांद्यावर घेऊन कालवारीकडे जाताना येशू किती वेळा पडला? कुठल्याही कॅथलिक देवळात विचारा, लहान पोरसुद्धा सांगेल : तीन वेळा. देवळाच्या भिंतींवर चौदा चित्रं असतात. तपकाळातल्या शुक्रवारी भाविक एकेका चित्रापुढे थांबत, गुडघे टेकत पुढे सरकतात. वसईकडे याला ‘क्रूसाची वाट’ म्हणतात. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडलेला दिसतो. आता चारही शुभवर्तमानं उघडून पाहा. मत्तय, मार्क, लूक, योहान, चौघांपैकी एकानेही पडण्याचा उल्लेख केलेला नाही.

मग ही तीन पडणी आली कुठून?

सर्वसाधारण समज असा की ही वाट जेरुसलेमची, आणि यात्रेकरूंनी ती युरोपात नेली. पंधराव्या शतकात जेरुसलेमला गेलेल्या विल्यम वे या इंग्रज यात्रेकरूने थांब्यांची यादी दिली आहे. तीही चौदाची, पण आजच्या चौदांशी त्यातले जेमतेम पाच जुळतात. आणि त्या काळी चालायची रीत उलटी होती : सुरुवात कालवारीपासून, शेवट येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताच्या वाड्यापाशी. पुढे तुर्की अमलात तर वाटेवर थांबायला किंवा डोक्यावरची टोपी काढायलाही बंदी होती, असं 1587मध्ये त्सुअलार्दो हा यात्रेकरू लिहितो. जिथे थांबायचीच चोरी, तिथे चौदा थांब्यांचा नेमका क्रम रुजेल कसा?

हर्बर्ट थर्स्टन या इंग्रज जेझुइटाने 1906च्या पुस्तकात दिलेलं उत्तर मला सोडवत नाही. त्याच्या मते हा क्रम मुख्यतः आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या पट्ट्यात घडला, आणि तोही घरबसल्या यात्रा करणाऱ्यांसाठी. यान पास्का या कार्मेलाईट मठवाशाचं पुस्तक 1563मध्ये लूव्हेनला छापलं गेलं. त्यात वर्षभराची, दिवसाला एक टप्पा अशी जेरुसलेमची मानसयात्रा आहे. मठाच्या भिंतीआडच्या जोगिणी, अंथरुणाला खिळलेले, प्रवासाचा खर्च न झेपणारे, अशांनी मनानेच चालायचं. ते पुस्तक अड्रिकोमियसच्या कामी आलं. हा डेल्फ्टचा पाद्री. धर्मकलहात गाव सुटलं आणि शेवटी कोलोनला जाऊन राहिला. 1584च्या त्याच्या जेरुसलेमवर्णनात बारा स्थानं आहेत, आणि ती आजच्या पहिल्या बारांशी तंतोतंत जुळतात. त्याने स्वतः जेरुसलेम पाहिलेलं नव्हतं!

पण पडण्यांचं मूळ याच्याही मागे जातं. न्यूरेंबर्गला शिल्पकार आडाम क्राफ्टने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास वालुकाश्मात सात दृश्यं कोरली. शहरापासून संत योहानाच्या कबरस्तानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती उभी होती. त्यांवर पिलाताच्या वाड्यापासूनचं अंतर पावलांत लिहिलेलं : पहिल्यावर दोनशे पावलं, सहाव्यावर हजार. लोकांनी यांना नाव दिलं ‘सात पडणी’, कारण यांतला येशू बहुतेक ठिकाणी कोसळतोय किंवा ओझ्याखाली वाकलाय.

आता आजची चौदा स्थानं बोटांवर मोजा. तिसरं, पडणं. चौथं, आईची भेट. पाचवं, शिमोन कुरेनेकर. सहावं, येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका. सातवं, पडणं. आठवं, जेरुसलेमच्या स्त्रिया. नववं, पडणं. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सलग सात! थर्स्टन म्हणतो की मुळात ही सातही पडणीच होती. त्यांतल्या चार ठिकाणी कुणीतरी भेटायचं. भेटीच्या चित्राने पडणं झाकून टाकलं. तीन ठिकाणी भेटायला कुणीच नव्हतं, म्हणून तिथे पडणं तेवढं उरलं.

आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. क्राफ्टच्या शिल्पांत चारही भेटी लागोपाठ, अगदी सुरुवातीला येतात, पडण्यांच्या अधेमधे नाही. सातव्या शिल्पात तर मृत येशू आईपुढे निजलेला आहे, त्याला पडणं कोण म्हणेल? यावर माझं म्हणणं एवढंच की न्यूरेंबर्ग हा सातांच्या परंपरेचा एक नमुना झाला, तिचा उगम नव्हे. अशाच स्थानांची नक्कल 1505मध्ये लूव्हेनला पेटर स्टेर्क्सने उभारली होती, आणि पास्काचं पुस्तक छापलं गेलं तेही लूव्हेनलाच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल, हे मला पटत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, शिमोनाला क्रूस वाहायला वेठीला धरलं ते येशू पडला म्हणूनच, तेव्हा पडणं शुभवर्तमानातच दडलेलं आहे. बरं, मानू. पण त्यातून एकच पडणं निघतं, तेही शिमोनाच्या आधीचं. उरलेली दोन? तीन म्हणजे त्रैक्य, किंवा पेत्राचे तीन नकार, असं काही जण सुचवतात. आकडा जुळला की नातं लागलं, अशातली ही गत आहे.

पण मुळात सातच का? इथे माझा एक स्वतःचा तर्क. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात नीतिमान माणूस सात वेळा पडून पुन्हा उठतो. मठांतून हे वचन सर्रास पाठ असायचं. पुरावा मागू नका, पण न्यूरेंबर्गच्या त्या रस्त्यावरून आपला माणूस पुरून परतणाऱ्याला सात पडण्यांत काय दिसत असेल, ते या वचनाशिवाय मला उलगडत नाही.

पुढचा इतिहास सरळ आहे. पोप इनोसंट अकरावे यांनी 1686मध्ये फ्रान्सिस्कनांना आपल्या देवळांत ही स्थानं मांडू दिली. 1731मध्ये क्लेमेंट बारावे यांनी ती सर्व देवळांना मोकळी केली आणि संख्या चौदावर कायम केली. (वसईवर तेव्हा अजून पोर्तुगीज होते. चिमाजी अप्पांना यायला आठ वर्षं होती.) इटलीत लेओनार्दो या फ्रान्सिस्कनाने एकट्याने पाचशेहून जास्त ठिकाणी ती उभारली. कोलोसियमही त्याने सोडलं नाही.

पडण्यांना शुभवर्तमानांत आधार नाही, ही पंडितांची कुरबूर मात्र थांबली नाही. शेवटी 1991च्या गुड फ्रायडेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलोसियममध्ये निव्वळ शुभवर्तमानांतली चौदा स्थानं घेतली. त्यांत वेरोनिका नाही आणि एकही पडणं नाही. गंमत अशी की याच पोपनी 1984मध्ये दुःखाच्या अर्थावर एक मोठं पत्र लिहिलं होतं. ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं राहिलं ते मी माझ्या देहात भरून काढतो, हा पौलाने कलस्सैकरांना लिहिलेला विचार त्या पत्राच्या गाभ्याशी आहे. माझ्या मते पडणी म्हणजे हा विचार पौल न वाचलेल्यांनी चित्रात उतरवलेला आहे. क्रूसावरचं मरण कुणाला आपलंसं म्हणता येत नाही. आजारातून उठून पुन्हा आजारी पडणं, कर्ज फेडून पुन्हा कर्जात जाणं, सोडलेलं व्यसन पुन्हा लागणं हे मात्र ज्याचं त्याला ठाऊक असतं. अशा माणसाला देवाचा पुत्र एकदा पडून भागत नाही, दुसऱ्यांदाही पडायला लागतो.

1991चा क्रम ज्यांना हवा ते वापरतात. गावोगावच्या भिंतींवर तिसरं, सातवं आणि नववं चित्र अजून जागचं हललेलं नाही, आणि ती उतरवा म्हणून रोमनेही कुणाला सांगितलेलं नाही.