शेततळ्यातला रोहू अंडी का घालत नाही?

पलूससारख्या कृष्णाकाठच्या तालुक्यात शेततळ्यात रोहू, कटला सोडले तर ते वाढतात, पण पिल्लं होत नाहीत. का?

हे मूळचे वाहत्या नदीतले मासे. उन्हाळ्यात पाणी तापलं की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी हार्मोन्स सोडते. मादीचं यकृत बलकाची प्रथिनं बनवू लागतं आणि खाद्यातली ऊर्जा वाढीऐवजी अंड्यांकडे वळते. शेवटचा इशारा मात्र पुराचं पाणी देतं. साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही आणि अंडी शरीरातच जिरतात.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिकेच्या अर्काचं इंजेक्शन देऊन यावर मार्ग काढला. आज हॅचरीत कृत्रिम हार्मोन वापरतात, म्हणून शेतकऱ्याला मत्स्यबीज मिळतं.

नदीत मात्र इंजेक्शन नाही. ऐन पावसाळ्यात गाभोळीची मादी पकडली, तर लाखो अंडी गेलीच!