गाणं आधी सांगत नाहीत

लहानपणी वेल्ह्याला मेंगाईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई. भोरहून निघायचं, नसरापूरला एस.टी. बदलायची आणि पुढे जमिनीवर बसून पिक्चर बघायचा. 'अलबेला' मी तिथंच पाहिला. चित्रपट १९५१ चा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण भगवानदादांचे खांदे हलू लागले की निम्मा तंबू उठून उभा राही. त्यांच्या साथीला पडद्यावर वाजवणारी मंडळी कोण, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

ते होते हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आणि त्यांचा वाद्यवृंद. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बड्या लोकांच्या नाचासाठी ते ट्रम्पेट वाजवत, आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांनाही त्यांची साथ असे. रामचंद्र पुणतांब्याचे, भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. बॉलरूमचा ठेका असा मागच्या दारानं चाळीत शिरला. शिरताना एक गोष्ट मात्र दाराबाहेर राहिली, ती म्हणजे जोडीदाराचा हात. भगवानदादांचा नाच एकट्याला करता येतो, म्हणून तर तो गणपतीच्या मिरवणुकीत चालला. गोव्यात एकोणिसाव्या शतकात युरोपच्या नाचांवरून मांडो घडला. त्यातही स्त्री-पुरुष समोरासमोर रांगेत, तिच्या हाती पंखा, त्याच्या हाती रुमाल; स्पर्श नाही.

हात धरायची अडचण आपल्याकडेच होती असं मात्र समजू नका. वॉल्ट्झ इंग्लंडात आला तेव्हा १८१३ मध्ये बायरननं त्याची टर उडवणारी दीर्घ कविता छापली. कवी स्वतः पायानं अधू होता, हेही ध्यानात घ्यावं. १८१६ मध्ये राजदरबारी तो नाच झाला, तर 'टाइम्स'नं अग्रलेखात संताप केला. परस्त्रीच्या कमरेला हात म्हणजे काय! आमच्या मोहल्ल्यातला एखादा बुजुर्गही नेमकं हेच म्हणाला असता.

या नाचाची शर्यत झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. अमेरिकेतून नवे ठेके आले, नाचघरं भरू लागली आणि जो तो मनाला येईल तशी पावलं टाकू लागला. 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० मध्ये लंडनमध्ये नृत्यशिक्षकांना एकत्र बोलावलं. पुढच्या दहा वर्षांत पावलं ठरली, लय ठरली. त्याच १९२० साली ब्लॅकपूल या गावी, एम्प्रेस बॉलरूममध्ये, नृत्यमहोत्सव सुरू झाला. तो आजही या स्पर्धांची पंढरी मानला जातो.

हे ब्लॅकपूल म्हणजे लँकेशायरच्या गिरणी कामगारांचं सुट्टीत जायचं ठिकाण. इथं मी वाचता वाचता थांबलो. माझे मामू लालबागला गिरणीत होते. लँकेशायर म्हटलं की आम्हाला विलायती कापडाची होळी आठवते. तिथल्या मागावर उभी राहणारी बाई कधी डोळ्यांपुढे आलीच नव्हती. वर्षभर मागाच्या खडखडाटात उभी राहणारी ती बाई सुट्टीत समुद्राकाठी येऊन नाचायची. नियम लिहिले गेल्यामुळे हवेलीतल्या नृत्यशिक्षकाची गरज उरली नव्हती. अनोळखी माणसाबरोबरही नाचता येई, कारण त्याचं पाऊल पुढे आलं की आपलं मागे, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामूंच्या खोलीत लेझीम होती. मला दोन्ही एकाच कपाटातल्या वस्तू वाटतात.

हे सगळं मी वाचलं त्याला घरचं निमित्त झालं. बहिणीची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं हा नाच शिकायचं काढलं, तेव्हा नको म्हणणाऱ्यांत मी होतो. मी, कविसंमेलनात स्त्रीच्या स्वातंत्र्यावर टाळ्या घेणारा! ती भांडली नाही. ओसरीवर बसून तिनं मला स्पर्धा समजावून सांगितली. मुख्य नाच पाच: वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. लॅटिनचे आणखी पाच वेगळे. मुलाच्या पाठीवर नंबर. सगळ्या जोड्या एकाच वेळी फरशीवर, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या. परीक्षक कडेला उभे. जेमतेम दीड मिनिट, तेवढ्यात त्यांच्या नजरेत भरायचं आणि शेजारच्या जोडीला धक्काही लागू द्यायचा नाही.

"आणि मामू, गाणं कुठलं वाजणार ते आधी सांगत नाहीत."

इथं मी सापडलो. हा तर तरही मुशायरा! एकच मिसरा सगळ्यांना, तेच वृत्त, तोच रदीफ. त्यात तुमचं वेगळेपण दाखवा. फरक इतकाच, की आम्हाला ओळ घरी घेऊन जाता येते.

मागच्या वर्षी आपा आणि मी तिची स्पर्धा बघायला गेलो. तिच्या जोडीदाराच्या पाठीवर सतरा नंबर होता. वॉल्ट्झ तीनच्या मोजणीचा. मी गुडघ्यावर बोटानं दादरा धरून बसलो होतो. वळणावर एका जोडीनं वाट अडवली, तेव्हा ही दोघं क्षणभर जागच्या जागी झुलली आणि बाजूनं निघून गेली. मला ते फार आवडलं. परीक्षकांना नसावं, कारण पहिल्याच फेरीत सतरा नंबर गळाला.

परतीच्या एस.टी.त आपा गप्प होती. कापूरहोळला गाडी भोरकडे वळली तेव्हा म्हणाली, "त्या उंच टाचांनी पोरीचे पाय सुजले असतील रे. फोन लाव तिला, गरम पाण्यात घालायला सांगते."