तारेचे मराठी

जुलै 1979 मध्ये पुण्यातल्या एका दैनिकात मी शिकाऊ उपसंपादक म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच आठवड्यात 'स्कायलॅब' डोक्यावर आले. 77 टनांची ती अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा कुठे कोसळेल याचा नेम नव्हता. खेड्यापाड्यांतून फोन यायचे, "आमच्याकडं पडणार का हो?" 11 जुलैच्या रात्री तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडल्याची तार आली. चारच दिवसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. जगाची बातमी, विज्ञानाची बातमी, राजकारणाची बातमी, सगळे एकाच यंत्रातून आणि सगळे इंग्रजीत.

यंत्र म्हणजे टेलिप्रिंटर, पण आमच्या तोंडी शब्द 'तार'च. "तारा बघ," असे अण्णा, म्हणजे आमचे मुख्य उपसंपादक, म्हणायचे आणि मी त्या छोट्या खोलीत जायची. मिनिटाला 50-60 शब्दांच्या गतीने कागद खडखडत वर येत असे. सारा मजकूर मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे विशेषनाम कुठले आणि साधा शब्द कुठला हे अंदाजाने ओळखायचे. मोठी बातमी असली की घंटा वाजे. लोखंडी पट्टीवर दाबून कागद फाडायचा, रिबिनीची शाई बोटांना लावून घेत टेबलाशी यायचे आणि मराठी करायला बसायचे. अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी होती. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ग्रीनिच वेळेत साडेपाच तास मिळवा. पहिल्या महिन्यात मी अब्जाचे दहा लाख केले आणि ते तसेच छापून आले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी काही न बोलता ती चिठ्ठी माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतली.

हे काम मराठी पत्रकारितेइतकेच जुने आहे. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघालेल्या 'दर्पण'च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीतले होते. पहिल्या मराठी वृत्तपत्राचा संपादक एका हाताने जग वाचत होता आणि दुसऱ्या हाताने ते मराठीत आणत होता. त्या काळी विलायतेची खबर जहाजाने यायची. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला महिनोन् महिने लागत. 1830 मध्ये मुंबईहून 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझला गेली आणि तो वेळ कमी होऊ लागला. 1850 च्या दशकात तारायंत्र आले, 1866 मध्ये रॉयटर वृत्तसंस्थेने मुंबईत कचेरी उघडली, 1870 मध्ये समुद्राखालची केबल मुंबईला पोचली. लंडनची बातमी महिन्यांऐवजी काही तासांत येऊ लागली. पुढे 1949 मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेचे काम सुरू झाले, 1961 मध्ये यूएनआयचे. देवनागरी टेलिप्रिंटर 1954 मध्ये आला खरा, पण आमच्या डेस्कवर अखेरपर्यंत खडखडली ती इंग्रजी तारच.

तार इंग्रजी असली तरी तिला लागणारे शब्द आमच्याकडे होते. नोव्हेंबर 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत माणसे पकडून ठेवली गेली. मी 'अटकेत' लिहिले. अण्णांनी ते खोडून 'ओलीस' केले आणि म्हणाले, "पोरी, दोन राज्यांत तह व्हायचा तेव्हा माणूस ओलीस ठेवायचे. शब्द आहे तर वापर की." 52 जण 444 दिवस ओलीस राहिले आणि त्या काळात तो शब्द घरोघरी गेला. 20 जानेवारी 1981 ला ते सुटले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पहिले पान नव्याने लावताना 'ओलीस सुटले' एवढाच मथळा अण्णांनी दिला.

मुत्सद्दी, तहनामा, शिष्टाई हे सगळे दरबारातून आणि पुराणातून आलेले शब्द. कृष्णशिष्टाई ऐकत वाढलेल्या वाचकाला जिनिव्हातली शिष्टाई समजावून सांगावी लागत नाही. शीतयुद्ध, शिखर परिषद, अण्वस्त्रप्रसारबंदी हे नवे घडवलेले. ते पहिल्यांदा कोणी लिहिले याची कुठे नोंद नाही. माझे ठाम मत आहे की यांतले पुष्कळ शब्द मोठ्या विद्वानांनी अभ्यासिकेत बसून घडवलेले नाहीत. रात्री एक वाजता, पान सोडायला वीस मिनिटे उरलेली असताना, कुणा उपसंपादकाने ते घडवले. अग्रलेखाला संपादकाचे नाव मिळते. या माणसांना ते कधीच मिळाले नाही.

कंपोझिटर हे आमच्या शब्दांचे पहिले परीक्षक. हातजुळणीत प्रत्येक जोडाक्षराचा वेगळा खिळा लागे. अमेरिकी अध्यक्ष कार्टरसाहेबांचे सल्लागार ब्रझेझिन्स्की बातमीत आले की जुळणीखात्यातले दादा कागद घेऊन वर यायचे. "बाई, याला दुसरं नाव नाही का?" मी हसायची नाही, कारण केसमधला खिळा संपला की ओळ खरोखरच अडायची.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मात्र या साऱ्या भाषांतरापलीकडची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या छायाचित्रांनी भरलेला अंक छपाईला गेला होता. 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. थोड्या वेळाने तारा येऊ लागल्या. लातूर आणि उस्मानाबाद, आपलेच जिल्हे आणि तारा इंग्रजी! आपल्या गावांची नावे मी त्या मोठ्या अक्षरांत वाचत होते आणि ती कशी उच्चारायची हे मला कळत नव्हते. आमचे एक मुद्रितशोधक उमरग्याकडचे. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि एकेक नाव मराठीत लिहून दिले, किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, लिंबाळा. सास्तूर लिहिताना ते थांबले. त्यांची बहीण तिथे दिलेली होती. मग पुढचे नाव लिहिले. दुपारी आम्ही जादा अंक काढला. त्यात एकाही गावाचे नाव चुकलेले नव्हते.

पुढे टेलिप्रिंटर गेले, संगणक आले. जुलै 2013 मध्ये सरकारी तारसेवाही बंद झाली. आता बातमी पडद्यावर येते आणि यंत्र तिचे मराठीही करून देते. ते मराठी मी रोज वाचते. त्यात ओलिसांना 'बंधक' म्हटलेले असते, तेव्हा मला अण्णांची आठवण येते.

अण्णांची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची. तारेतला इंग्रजी शब्द, पुढे मराठी, पुढे तारीख, अशी वीस-बावीस वर्षांची नोंद. ते गेल्यावर काही महिन्यांनी मी ती मागायला त्यांच्या घरी गेले, तोवर ती रद्दीत गेली होती. घरच्यांचा दोष नाही. तिचे मोल त्यांना आम्ही कोणी सांगितलेच नव्हते.

तुमच्या घरात कुणी वडील, काका, आजोबा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते का? त्यांच्या वह्या, शब्दांच्या चिठ्ठ्या, खाडाखोड केलेले कागद कपाटात असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. गावातल्या वाचनालयात नेऊन द्या आणि पहिल्या पानावर त्यांचे पूर्ण नाव लिहा.