गोर्बाचेव्ह, मिखाईल : परदेशांतील प्रतिमा

सोव्हिएत संघाचे अखेरचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह (२ मार्च १९३१–३० ऑगस्ट २०२२) यांच्याविषयी परदेशांत आणि मायदेशात टोकाची भिन्न मते आढळतात. जून १९८९ मध्ये ते पश्चिम जर्मनीत गेले, तेव्हा ‘गोर्बी, गोर्बी’च्या घोषणांनी रस्ते दुमदुमले. त्याच वर्षी बर्लिनची भिंत कोसळताना पूर्व जर्मनीतील सोव्हिएत फौजा बराकींतच राहिल्या. जर्मनांची ही कृतज्ञता नेत्यापुरती उरली नाही. १९९०-९१ च्या हिवाळ्यात सामान्य कुटुंबांनीही सोव्हिएत जनतेसाठी अन्नाची पुडकी धाडली. महायुद्धात ज्यांना हरवले त्यांच्याकडूनच शिधा घेणे अनेक रशियनांना बोचले असल्यास नवल नाही. १९९० च्या शांतता नोबेलचे मानकरी असलेल्या गोर्बाचेव्ह यांना १९९६ च्या रशियन अध्यक्षीय निवडणुकीत जेमतेम अर्धा टक्का मते पडली. अर्थात युरोपातही एकमत नाही. जानेवारी १९९१ मध्ये लिथुएनियातील व्हिल्नियस येथे सोव्हिएत फौजांच्या कारवाईत १४ जणांचा बळी गेला. अनेक लिथुएनियन लोक गोर्बाचेव्ह यांना त्या रक्तपाताबद्दल जबाबदार धरतात. भारतात मात्र राजीव गांधींसोबत नोव्हेंबर १९८६ मध्ये सही केलेला दिल्ली जाहीरनामा अधिक आठवला जातो.