प्रथिन आत गेले, हे ओळखायचे कसे?

प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर यर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला. दोनच वर्षांनी प्लेग मुंबईत पोहोचला. पण शरीराच्या भक्षक पेशींना हा जिवाणू निकामी कसा करतो, हे कळायला शतक उलटावे लागले.

धागा सापडला तो एका विचित्र निरीक्षणात. ३७ अंश सेल्सिअसला, पोषक द्रवात कॅल्शियम नसेल तर या जिवाणूची वाढ थांबते, हे १९५० च्या दशकात दिसले होते. अशा वेळी यर्सिनिया कुळातले जिवाणू काही प्रथिने भराभर बाहेर टाकतात, हे १९८० च्या दशकात लक्षात आले. ती जिवाणूच्या बाह्यपटलातली असावीत असे समजून त्यांना ‘यॉप’, म्हणजे ‘यर्सिनियाची बाह्य प्रथिने’, म्हटले गेले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र चिकटले!

यांतले यॉप-ई पेशीच्या आतला तंतूंचा सांगाडा मोडते. पण शुद्ध यॉप-ई पेशींवर नुसते ओतले, तर काहीच होत नाही. मग जिवाणू स्वतःच ते आत ढकलतो की काय? पेशीला बाहेरून चिकटलेले प्रथिन आणि आत गेलेले प्रथिन वेगळे कसे ओळखाल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहा.

बेल्जियममध्ये मारी-पॉल सोरी आणि गी कॉर्नेलिस यांनी १९९४ साली लढवलेली युक्ती मला फार आवडते. डांग्या खोकल्याच्या जिवाणूत एक विकर असते. ते चक्रीय एएमपी हे रसायन बनवते, पण कॅल्मोड्युलिन भेटल्यावरच जोमाने कामाला लागते. कॅल्मोड्युलिन आपल्या पेशींत असते, जिवाणूत नसते. या विकराचा, स्वतःहून पेशीत शिरू न शकणारा, तुकडा त्यांनी यॉप-ईला जोडला. हे जोडप्रथिन जिवाणूत राहिले तर गप्प. पेशीत पोहोचले तर चक्रीय एएमपी वाढणार, आणि ते मोजता येते.

प्रयोग केला प्लेगच्या जिवाणूच्या भाऊबंदावर, आतड्याला बाधा करणाऱ्या यर्सिनिया एंटेरोकोलिटिकावर. हीला पेशींत चक्रीय एएमपी साचले. पेशींनी जिवाणूच गिळले असतील तर? म्हणून औषधाने गिळण्याची क्रिया बंद केली. तरीही ते साचलेच. त्याच वर्षी स्वीडनमधल्या गटानेही, जिवाणू पेशीला बाहेरून चिकटलेला असतानाच यॉप-ई आत पोहोचते, असे दाखवले.

यंत्र प्रत्यक्ष दिसायला १९९८ उजाडले. तेही यर्सिनियात नव्हे, साल्मोनेलात: पटलांतून आरपार गेलेला तळ आणि बाहेर डोकावणारी पोकळ सुई. तो तळ जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीच्या तळाशी विलक्षण मिळताजुळता निघाला.